कॅप्सूलचे कवच : जिलेटिन, वनस्पतिज मिश्रणे आणि आपली औषधे

भावप्रकाशातील फिरंगरोगाच्या प्रकरणात कर्पूररस देण्याची जी रीत सांगितली आहे, ती आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत वाचलेली असते आणि परीक्षा संपताच विसरलेली असते. गव्हाच्या पिठाची लहानशी कुपी करावी, तिच्या पोटात मोजून रस ठेवावा, तो बाहेरून दिसणार नाही अशी गुटी वळावी, लवंगेच्या सूक्ष्म चूर्णात ती घोळवावी आणि दातांना स्पर्श होऊ न देता पाण्याबरोबर गिळावी, असा तो विधी आहे. त्या औषधाच्या आजच्या उपयोगाविषयी येथे काहीही सुचवावयाचे नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते त्या कुपीकडे. पिष्ट आणि गव्हातील चिकट प्रथिन या दोन वनस्पतिज द्रव्यांच्या मिश्रणाचे ते कवच होते, त्याचे प्रयोजन स्पष्ट होते आणि ते पोटात गेल्यावर विरघळेल याची खात्री होती. भावमिश्रांचा काळ सोळाव्या शतकाचा. पॅरिसमध्ये मोथ आणि ड्युब्लांक यांनी जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले ते १८३४ साली, आणि एकात एक बसणाऱ्या दोन भागांच्या कॅप्सूलचे पेटंट लेहुबी यांनी १८४६ साली घेतले.

आज आपल्या औषधालयांत रिकाम्या कॅप्सूलची पाकिटे सर्रास येतात. आपण त्यांचा क्रमांक पाहतो, रंग पाहतो, भाव पाहतो. कवच कशाचे आहे आणि आत भरलेल्या द्रव्याशी त्याचे पटते की नाही, हा विचार सहसा होत नाही. चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ आयतनांत संयोगाला स्वतंत्र स्थान दिले आहे. ० क्रमांकाच्या रिकाम्या कवचाचे वजन सुमारे १०० मिलिग्रॅम असते आणि त्यात चूर्ण मावते सुमारे ४०० मिलिग्रॅम. म्हणजे रुग्ण जे गिळतो त्याचा पाचवा हिस्सा कवचाचा असतो. इतक्या मोठ्या भागाला संयोग म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

निमगाव केतकीचा प्रश्न

या विषयाकडे आम्ही वळलो ते ग्रंथ वाचून नव्हे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आमच्या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, इंदापूरला गोल रिंगण. त्या दिवसांत आमच्यासारखे अनेक वैद्य वाटेवर टेबल मांडून बसतात. एका वर्षी निमगाव केतकीला एका वृद्ध वारकरी बाईंना सांधेदुखीसाठी आम्ही गुग्गुळकल्पाच्या कॅप्सूल दिल्या. त्यांनी पुडी उलगडून पाहिली आणि विचारले, "माऊली, ही टोपणं कशाची वो? कातड्याची असत्यात म्हणत्यात." आम्ही उत्तर दिले, "आजी, औषध सगळं झाडपाल्याचं आहे." त्यांनी मान हलविली, बाजूला बसून एकेक कॅप्सूल उघडली, आतले चूर्ण तळहातावर घेऊन तोंडात टाकले, आणि रिकामी टोपणे ओच्यातून काढून आमच्या टेबलावर ठेवून गेल्या. त्यांनी विचारले होते कवचाविषयी, आणि आम्ही उत्तर दिले होते औषधाविषयी. ते उत्तर खोटे नव्हते. परंतु प्रामाणिकही नव्हते.

गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी, बारामतीच्या पेठेतील जैन व्यापारी, डुकराचे जिलेटिन असेल काय म्हणून विचारणारा मुसलमान बांधव, या सर्वांचा प्रश्न एकच असतो. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी आपल्याला ते ठाऊक असले पाहिजे.

जिलेटिन : गुण आणि दोष

जिलेटिन हे गुरांची हाडे व कातडी किंवा डुकराची कातडी यांतील कोलॅजेनपासून निघते. आपल्याकडील कॅप्सूलसाठी ते मुख्यत्वे गुरांच्या हाडांपासून करतात. हाडे आम्लात ठेवून त्यांतील खनिजांश काढला की मऊ ओसीन उरते. ते दीर्घकाळ चुन्याच्या निवळीत मुरवून गरम पाण्यात काढले की जिलेटिन मिळते. धर्मभावना बाजूला ठेवून निव्वळ द्रव्य म्हणून पाहिले, तर त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. गरम पाण्यात ते सुमारे ३० टक्क्यांपर्यंत विरघळूनही पातळ राहते. थंड होताच गोठते. वाळल्यावर त्याचा थर चिवट आणि पारदर्शक होतो, आणि शरीराच्या उष्णतेला पुन्हा विरघळतो. हे चारही गुण एकत्र असलेले दुसरे द्रव्य सहज सापडत नाही, म्हणूनच पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ते टिकून आहे.

याच गुणांवर कॅप्सूलचा कारखाना चालतो. पोलादी खुंट्यांच्या रांगा सुमारे ५० अंश उष्णतेच्या जिलेटिनच्या द्रावात बुडवून वर काढतात. खुंट्या थंड असल्यामुळे त्यांवरील थर तत्काळ गोठतो. मग त्या फिरवीत फिरवीत वाळवितात, कवचे ओढून काढतात, कडा कापतात आणि टोपी व बॉडी एकमेकांत बसवितात. वाळलेल्या कवचाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. एवढ्या पातळ थरात थोडी जरी तफावत झाली तरी भरण्याच्या यंत्रावर टोपी बसत नाही.

दोषही तितकेच ठळक आहेत. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असते आणि त्याची लवचीकता त्या पाण्यावरच अवलंबून असते. पाणी १० टक्क्यांच्या आसपास उतरले की कवच काचेसारखे ठिसूळ होते. १८ टक्क्यांवर गेले की मऊ पडून एकमेकांस चिकटते. आमच्या भागातील वैद्यांना दोन्ही अनुभव एकाच वर्षात येतात. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीकडे जातो, हवा कोरडी होते, आणि हाताने टोपी बसविताना कवच तडकते. आषाढ-श्रावणात तीच कवचे बरणीत गोळा होऊन बसतात. शिवाय आपली घनद्रव्ये, क्षार आणि लवणयुक्त कल्प हे ओलावा ओढणारे असतात. यवक्षार किंवा लवणभास्कर जिलेटिनच्या कवचात भरले तर ते कवचातलेच पाणी शोषून घेते. आतले चूर्ण ओले आणि बाहेरचे कवच ठिसूळ, असा उलटा प्रकार दिसतो.

हिरडा आणि कातडे

परंतु आमच्या मते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दोष वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

आपल्याच जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांच्या डोंगराळ भागात आदिवासी बांधव हिरडा गोळा करतात. त्यातला काही औषधाला जातो. परंतु हिरड्याचे जुने मोठे गिऱ्हाईक म्हणजे चामड्याचा धंदा. बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन कातड्यातील कोलॅजेनला घट्ट बांधून टाकते, म्हणून कमावलेले कातडे पाण्यात कुजत नाही आणि विरघळतही नाही. जिलेटिन म्हणजे तेच कोलॅजेन, फक्त सैल केलेले. द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकात टॅनिन ओळखण्यासाठी आपण काय करीत होतो, ते आठवावे. काढ्यात मीठ घातलेल्या जिलेटिनच्या द्रावाचे थेंब टाकले की पांढरट साका बसे. त्या परीक्षानळीत जे क्षणात होते तेच बरणीतल्या कॅप्सूलमध्ये सावकाश होऊ शकते.

त्रिफळा, अर्जुन, खदिर, लोध्र, बाभूळ, कुटज आणि आमच्या इंदापूरच्या बागांत ढिगाने पडणारी डाळिंबाची साल ही सर्व कषायरसप्रधान आणि टॅनिनयुक्त द्रव्ये. कोरड्या चूर्णात टॅनिनची हालचाल मंद असते, म्हणून ताजी भरलेली कॅप्सूल निर्दोष वाटते. ओलावा आणि उष्णता मिळाली, किंवा चूर्णाऐवजी घन भरला, की कवचाच्या आतल्या बाजूस न विरघळणारी पातळ त्वचा तयार होण्याची शक्यता वाढते. अल्डिहाइड वर्गातील द्रव्ये आणि काही शर्कराही अशीच बांधणी करतात. अशी कॅप्सूल कोमट पाण्यात टाकली तर फुगते, पण उघडत नाही. औषध रबरी पिशवीत राहावे तसे आत राहते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जठरातील पेप्सिन जिलेटिनचे पचन करते, त्यामुळे अर्धवट बांधलेले कवच प्रयोगशाळेतील साध्या पाण्यात उघडले नाही तरी पोटात उघडू शकते. म्हणून सर्व त्रिफळा कॅप्सूल वाया जातात असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या रुग्णाचा अग्नीच मंद आहे, त्याच्या औषधाचे कवच फोडण्याचे कामही त्याच अग्नीवर टाकणे शहाणपणाचे नव्हे.

पर्याय कसे आले

१९९६ साली ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूच्या रोगाचा माणसाच्या रोगाशी संबंध जाहीर झाला आणि गुरांच्या जिलेटिनविषयी युरोपात भय पसरले. शाकाहारी ग्राहकांची मागणी आधीपासून होतीच. त्या दशकाच्या अखेरीस एचपीएमसी, म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिल सेल्युलोज या द्रव्याच्या कॅप्सूल बाजारात स्थिरावल्या. आज आपल्या देशातही त्या तयार होतात.

२०१६ साली जिलेटिनऐवजी सेल्युलोजच्या कॅप्सूल वापरण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारपुढे आला, त्यावर बराच वाद झाला आणि पुढील वर्षी तज्ज्ञ समितीही नेमली गेली. वादात एका बाजूला भावना होती आणि दुसऱ्या बाजूला भाव : सेल्युलोजचे कवच जिलेटिनच्या साधारण दुप्पट-तिपटीने महाग पडते. जिलेटिनवर बंदी आलेली नाही, आणि आमच्या मते सक्तीने हा प्रश्न सुटणाराही नाही. द्रव्य पाहून कवच निवडणे हा वैद्याचा निर्णय आहे.

एचपीएमसीविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. पहिला, की ते 'नैसर्गिक' आहे. लाकडाच्या किंवा सरकीवरील आखूड तंतूंच्या सेल्युलोजवर आधी अल्कलीची आणि मग मेथिल क्लोराइड व प्रोपिलीन ऑक्साइड यांची प्रक्रिया करून ते बनते. उगम वनस्पतीचा, घडण कारखान्याची. जाहिरातीत त्याला शाकाहारी म्हणावे, नैसर्गिक म्हणू नये. दुसरा गैरसमज असा, की टॅनिनशी त्याचा काहीच संबंध येत नाही. द्राक्षमद्यातील टॅनिन मोजण्याच्या एका पद्धतीत मेथिल सेल्युलोजच वापरतात, कारण ते टॅनिनला धरून खाली बसते. फरक इतकाच, की ही पकड सैल स्वरूपाची असते आणि अल्डिहाइडांमुळे जिलेटिनात जी कायमची बांधणी होते ती येथे होत नाही, कारण त्यात प्रथिनच नाही. कषाय द्रव्यांसाठी ते जिलेटिनपेक्षा बरे, परंतु प्रत्येक कल्पाची परीक्षा करावी हेच खरे.

त्याचा मोठा गुण म्हणजे पाण्याचे अल्प प्रमाण. कवचात ३ ते ८ टक्के पाणी असते आणि ते त्याहून वाळले तरी तडकत नाही. क्षार, घन, गुग्गुळ यांसाठी आणि आमच्या वैशाखासाठी हे कवच अधिक सोयीचे आहे.

एक द्रव्य पुरत नाही, म्हणून मिश्रण

एचपीएमसीचा स्वभाव जिलेटिनच्या नेमका उलट आहे. जिलेटिन थंडीने गोठते, एचपीएमसी उष्णतेने. थंड खुंटीवर त्याचा थर ओघळून जातो. यावर दोन उपाय निघाले. खुंट्याच गरम ठेवणे हा एक. दुसरा उपाय म्हणजे त्यात थोडेसे गोठविणारे द्रव्य मिसळणे. लाल समुद्री शेवाळापासून मिळणारे कॅराजीनन आणि जीवाणूंच्या किण्वनाने मिळणारा जेलन डिंक ही अशी द्रव्ये होत. कॅराजीननबरोबर पोटॅशियम क्लोराइडही घालतात, कारण पोटॅशियमच्या सान्निध्यात ते घट्ट गोठते.

आणि येथेच आपल्या औषधांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जे पोटॅशियम कारखान्यात कवच गोठविते, तेच यवक्षाराच्या रूपाने कॅप्सूलच्या पोटात असेल तर? जेलनचा गोळा कॅल्शियमने घट्ट होतो; मग शंखभस्म, प्रवाळ, कपर्दिक यांचे काय? जेलनयुक्त कवच आम्लात आणि अशा क्षारांच्या द्रावात सावकाश उघडते हे ज्ञात आहे. म्हणून रिकाम्या कॅप्सूल घेताना 'शाकाहारी आहे ना?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. गोठविणारे द्रव्य आहे की नाही, आणि असल्यास कोणते, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. क्षार व सुधावर्गातील भस्मे यांसाठी गोठविणारे द्रव्य नसलेले एचपीएमसी घेणे आम्हांस अधिक सुरक्षित वाटते.

तिसरे नाव पुलुलानचे. ऑरिओबासिडियम पुलुलान्स नावाची बुरशी पिष्टाच्या किंवा साखरेच्या द्रावात वाढविली की हे द्रव्य निर्माण करते. जपानमधील हायाशिबारा या संस्थेने १९७६ साली त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्याचा थर प्राणवायूला फारसा शिरकाव देत नाही. लवंग, ओवा, दालचिनी यांसारख्या उडनशील तेलाच्या द्रव्यांसाठी हा गुण मोलाचा. किंमत मात्र एचपीएमसीहूनही चढी. नीरेच्या डाव्या कालव्यावरील आमच्या उसाच्या मुलखात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने असताना साखरेवर वाढणाऱ्या या बुरशीचा विचार कोणास सुचू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. उसाच्या बगॅसमध्येही चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असते, आणि आज ते बहुतांशी बॉयलरमध्ये जळते. अर्थात औषधी दर्जाचे एचपीएमसी बनविण्यासाठी लागणारी शुद्धता आणि रसायने पाहता हे काम गावपातळीचे नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या भागातील द्रव्ये : चिंचोका आणि इतर

घोंगडी विणणाऱ्यांच्या घरी चिंचोक्याची खळ शिजताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना थर धरणाऱ्या द्रव्याची कल्पना वेगळी सांगावी लागत नाही. भाजून साल काढलेल्या चिंचोक्याचे पीठ पाण्यात शिजविले की त्यातील झायलोग्लुकन नावाची शर्करा बाहेर पडते. तीच लोकरीच्या धाग्याला ताठपणा देते. हे द्रव्य औषधनिर्मितीत बंधक म्हणून आणि नेत्रबिंदूंत ज्ञात आहे. त्याचा वाळलेला थर चांगला चिवट असतो. उणीव अशी, की निव्वळ पाण्यात ते गोठत नाही; भरपूर साखर किंवा अल्कोहोल असेल तरच गोठते. म्हणून कॅप्सूलसाठी त्याला जोडीदार हवाच.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे आणि ती गवारीच्या डिंकालाही लागू पडते. गवारीचा डिंक पाण्यात १ टक्का घातला तरी द्राव घट्ट होतो. आता हिशेब करून पाहावा. खुंटीवर वाळलेला थर एक दशांश मिलिमीटरचा हवा. जिलेटिनचा द्राव ३० टक्क्यांचा असल्याने ओला थर अर्ध्या मिलिमीटरहून कमी असला तरी भागते. १ टक्क्याच्या द्रावाचा ओला थर मात्र दहा मिलिमीटरहून जाड लागेल. तो खुंटीवर टिकणार कसा आणि वाळणार कधी? कॅप्सूलला हवा असतो तो पाण्यात पुष्कळ मावूनही पातळ राहणारा पदार्थ. एचपीएमसीच्या कमी चिकटपणाच्या जाती याचसाठी निवडतात. चिंचोका किंवा गवार वापरावयाची तर त्यांच्या लांब साखळ्या आम्लाने वा विकराने आधी तोडाव्या लागतील, आणि फार तोडल्या तर थराची चिवटाई जाईल. संशोधनाची खरी जागा ही आहे.

बाभळीचा डिंक या कसोटीला उतरतो. तो भरपूर विरघळतो आणि पातळ राहतो. परंतु त्याचा एकट्याचा थर तडकतो. कांडोळाचा डिंक फुगतो, विरघळत नाही, म्हणून बाद. मक्याचे पिष्ट स्वस्त आहे आणि आमच्याकडे मका उदंड पिकतो. पण शिजवलेले पिष्ट थंड झाल्यावर दिवसेंदिवस कडक होत जाते, शिळ्या भाकरीसारखे. ग्लिसरीन घातले की थर मऊ राहतो आणि पावसाळ्यात चिकट होतो. म्हणजे प्रत्येकात एक गुण आणि एक अवगुण. पिष्टाचा स्वस्तपणा, चिंचोक्याचा चिवटपणा आणि अगर किंवा जेलनची गोठण यांचे प्रमाण जुळविणे, एवढेच मिश्रणाचे शास्त्र आहे, आणि ते जुळविणे सोपे नाही.

असे प्रयोग काचेच्या पट्टीवर थर ओतून करता येतात, त्यासाठी खुंट्यांचे यंत्र लागत नाही. एचपीएमसी गरम पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते ८० अंशांच्या पाण्यात नुसते विखरावे आणि मग ढवळीत थंड करावे. थेट थंड पाण्यात टाकल्यास गाठी होतात. कोरड्या द्रव्याच्या १० ते २० टक्के ग्लिसरीन घालून थर वाळवावा. तो दुमडून पाहावा, कोमट पाण्यात किती वेळात विरतो ते पाहावे, आणि बंद डब्यात ओल्या मिठाच्या वाटीबरोबर ठेवून पाहावा. ओल्या मिठावरील हवेत आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. घरबसल्या मिळणारा हा आषाढ होय. माळेगाव बुद्रुकचे फार्मसी महाविद्यालय, शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र अशा संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विषय हवे असतात आणि आपल्याला उत्तरे. आमच्या संघटनेने हे बोलणे सुरू करावे, अशी आमची सूचना आहे.

कायदा आणि औषधालय

असा थर उद्या जमला तरी त्याचे कवच करून लगेच विकता येणार नाही. आयुर्वेदीय औषधांत वापरावयाच्या सहायक द्रव्यांविषयी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १६९ क्रमांकाचा नियम आहे. परवानाधारकाने त्याच्या चौकटीतच राहावयाचे आहे. शेड्यूल टीमध्ये कॅप्सूल विभागासाठी वातानुकूलन यंत्र, आर्द्रता काढणारे यंत्र, आर्द्रतामापक, तापमापक, भरण्याचे यंत्र आणि रासायनिक तराजू सांगितले आहेत. यांतील आर्द्रतामापक अनेक ठिकाणी तपासणीच्या दिवशीच भिंतीवर येतो, हे आपण आपापसांत तरी मान्य करावे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला उत्पादन परवान्यातून कायद्याने सूट दिली आहे. त्याने कवचाविषयी अधिक सावध राहिले पाहिजे, कारण त्याच्या कॅप्सूलची परीक्षा दुसरे कोणी करीत नाही.

आणखी एक गोष्ट. कॅप्सूल सर्वच औषधांना योग्य नव्हे. ३ ग्रॅम त्रिफळा द्यावयाचा तर ० क्रमांकाच्या सात-आठ कॅप्सूल लागतात. तेवढ्या कोणी घेत नाही. मग दोन घेतल्या जातात आणि गुण आला नाही की दोष औषधाला. शिवाय तिक्त व कषाय रसाचे काम जिभेपासून सुरू होते आणि अनुपानाचा संस्कारही कवचामुळे चुकतो. घन, रसकल्प आणि दुर्गंधी वा अतितीक्ष्ण द्रव्ये यांच्यासाठी कॅप्सूल ठेवावी, चूर्णासाठी पुडी चांगली, असे आमचे मत झाले आहे. औषधविक्रेत्या बंधूंना हे रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

दुकानात करावयाच्या परीक्षा

पाकिटावर स्पष्ट उल्लेख नसेल तेव्हा कवच ओळखण्याची सोपी रीत अशी. रिकाम्या कवचाचा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. केस किंवा पीस जळाल्याचा वास आला तर जिलेटिन. कागद जळाल्याचा आला तर सेल्युलोज. दुसरी रीत पाण्याची. साध्या थंड पाण्यात जिलेटिन फुगते पण विरघळत नाही, कारण ३० अंशांखाली ते विरघळतच नाही. 'कॅप्सूल प्लॅस्टिकची आहे' अशी तक्रार घेऊन पेला दाखवायला येणाऱ्या रुग्णास तोच तुकडा कोमट पाण्यात टाकून दाखवावा. बहुतेकांचे समाधान होते.

भरलेल्या मालाची परीक्षा याहून महत्त्वाची. कषाय द्रव्याच्या प्रत्येक बॅचमधील काही कॅप्सूल बाजूला ठेवाव्यात. निम्म्या कोरड्या जागी, निम्म्या ओल्या मिठाच्या डब्यात, कवचाला मिठाचा स्पर्श होऊ न देता. दर महिन्यास दोन्हींतील एकेक कॅप्सूल ३७ अंशांच्या पाण्यात टाकून घड्याळ लावावे आणि पाणी तापमापकाने त्याच उष्णतेवर राखावे. भारतीय औषधिकोशाची कठीण कॅप्सूलसाठीची मर्यादा ३० मिनिटांची आहे. अर्ध्या तासाने पाण्यात रबरी पिशवी तरंगत असेल, तर ती बॅच त्या कवचात पुन्हा भरू नये. नोंदवहीत कवचाचा प्रकार, पुरवठादाराचा लॉट क्रमांक आणि हे मिनिटांचे आकडे एकाच ओळीत लिहावेत.

वारीच्या टेबलावर आम्ही आता दोन बरण्या ठेवतो आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहितो : एकीवर 'टोपण जिलेटिनचे (हाडांपासून)', दुसरीवर 'टोपण सेल्युलोजचे (वनस्पतीपासून)'. पहिल्या वर्षी जिलेटिनची बरणी जवळपास तशीच परत आली. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही तीत फारसे भरत नाही, आणि सुट्या चूर्णाच्या पुड्या मात्र जास्त बांधून नेतो.